कात्री, डिंक आणि डिस्ने वर्ल्डची सफर

लॉस एंजेलिस शहरांत ग्रिफिथ पार्क नांवाचें एक विस्तीर्ण उद्यान आहे. तेथील लाकडी घोड्यांच्या चक्रावर आपल्या दोन लहानग्या मुलींना बसवून वॉल्ट डिस्ने स्वत: जवळच्या बांकावर शेंगा खात बसत. मुली आनंदांत आणि बाप एकटा बांकावर, असें न होतां आईबापांना व मुलांना एकत्र रमतां येईल असें एखादें स्थान असावें, हा विचार तेथें आपल्या मनांत आला, असें त्यांनीं पुढें सांगितलें. १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें तें या विचारांतून. डिस्ने यांच्या मृत्यूनंतर, १ ऑक्टोबर १९७१ रोजीं, फ्लोरिडांत त्याहून पुष्कळच मोठें असें डिस्ने वर्ल्ड सुरू झालें. अमेरिकेंतील कित्येक कुटुंबें वर्ष वर्ष पैसा सांठवून मुलांना तेथें नेतात.

इतका खर्च करून नेलेलें मूल दुपारीं भर रस्त्यांत भोकाड पसरून बसलेलें दिसतें, तेव्हां आईबापांना त्याचा राग येतो. परंतु दोष मुलाचा नसतो. चार-पांच वर्षांच्या जिवाला तेथें मौजेची वाण नसते; वाण असते ती समजुतीची. जाण्याला किती दिवस उरले, कशावर बसूं देणार नाहींत, रांगेंत किती वेळ उभें राहावयाचें, आणि आईचा हात सुटला तर काय करावयाचें, या चार गोष्टी त्याला तोंडी सांगून उमगत नाहींत. त्या हातांनीं कळतात. म्हणून सफरीपूर्वीं घरीं बसून कागद, पुठ्ठा व डिंक यांच्या चार वस्तु करण्याची चाल तिकडील घरांतून पडली आहे, तिच्यांत नुसत्या हौसेपलीकडे कांहीं तथ्य आहे.

पहिली वस्तु कागदाची साखळी. मराठी घरांत गणपतीच्या आराशीसाठीं रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून, कडींत कडी गुंतवून जशी साखळी करतात, तशीच ही. जितके दिवस उरले असतील तितक्या कड्या घालावयाच्या आणि रोज रात्रीं निजण्यापूर्वीं मुलानें आपल्या हातानें एक कडी तोडावयाची. ‘पंधरा दिवस’ हा शब्द बालमनाला पोकळ वाटतो. पण भिंतीवरची साखळी आंखूड होतांना त्याला दिसते. ‘उद्यां जायचें का?’ हा दिवसांतून दहा वेळां होणारा प्रश्न त्यामुळें पुष्कळसा थांबतो.

दुसरी वस्तु उंचीची पट्टी, आणि चौघींत महत्त्वाची हीच. तेथील वेगवान गाड्यांना उंचीचा नियम असतो व तो दारांतच मापून पाहतात. फ्लोरिडांतील मॅजिक किंग्डम या भागांत ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ला ३८ इंच, ‘स्पेस माउंटन’ला ४४ इंच आणि ‘ट्रॉन’ला ४८ इंच उंची लागते. तासभर रांगेंत उभें राहून दाराशीं परत फिरावें लागलें, म्हणजे मुलाला तो अपमान वाटतो. यासाठीं जाड कागदाची लांब पट्टी दाराच्या चौकटीवर चिकटवून तिच्यावर हे आंकडे लिहावे, प्रत्येक आंकड्याशेजारीं मुलाकडून त्या गाडीचें चित्र काढून घ्यावें आणि मग त्याला पट्टीशीं उभें करावें. सफरीपूर्वीं नियम बदलला आहे काय, हें अर्थात् पाहून घ्यावें. पट्टीच्या तळाशीं ‘डम्बो’चे उडते हत्ती आणि ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची नाव काढावी, त्यांना उंचीची अट नाहीं. निराशा व्हावयाची ती घरीं, आईच्या मांडीवर होऊन जाते. शिवाय आपल्या वांट्याला काय आहे, हेंही मुलाला तेव्हांच कळतें.

तिसरी वस्तु सह्यांची वही. मिकी, डोनल्ड, गूफी यांचीं सोंगें घेतलेलीं माणसें मुलांना भेटतात व सही देतात. त्यांच्या हातांत जाड मोजे असतात, त्यामुळें बारीक लेखणी त्यांना धरवत नाहीं. आणि जाड लेखणीची शाई पातळ कागदांतून पलीकडे फुटते. म्हणून वही घरीं जाड कागद शिवून करणें बरें. प्रत्येक सहीसमोरचें पान कोरें ठेवावें. रांगेंत उभें असतांना ज्याची भेट व्हावयाची त्याचें चित्र मुलानें त्या पानावर काढावें. वाट पाहण्याच्या त्या वेळाला त्यामुळें कांहीं अर्थ येतो.

चौथी वस्तु बिल्ला. तेथील प्रत्येक सेवकाच्या छातीवर त्याच्या नांवाचा लंबवर्तुळाकार पांढरा बिल्ला असतो. तसा पुठ्ठ्याचा बिल्ला घरीं करून आईनें तो लावावा, आणि ‘हरवलें तर काय?’ हा खेळ मुलाशीं खेळावा. मूल घरांत दडलेल्या आईला शोधूं लागतें, मग तिच्या छातीवर बिल्ला पाहून धांवत येतें आणि आपलें नांव सांगतें. दोन-चार वेळां खेळल्यावर खऱ्या गर्दींत कोणाकडे जावयाचें हें त्याच्या अंगवळणीं पडतें. आईबापांचा दूरध्वनि क्रमांक कापडाच्या तुकड्यावर लिहून सदऱ्याच्या आंतल्या बाजूस टांचावा. मुलाचें नांव मात्र बाहेर दिसेल असें लिहूं नये; परक्यानें नांवानें हाक मारली, कीं मुलाला तो ओळखीचा वाटतो.

या चारही वस्तूंना मिळून एका संध्याकाळचा बाजार पुरतो. त्या सुबक झाल्या नाहींत तरी चालेल. मुलाच्या हातची वांकडी कडी आईनें सरळ करूं नये. मोठ्या माणसानें सारें सुरेख करून दिलें, तर तें दुकानांतल्या खेळण्यासारखेंच परकें होतें.

सफर संपते, साखळीची शेवटची कडी केव्हांच तुटलेली असते, बिल्ल्याचा पुठ्ठा मऊ पडतो. दाराच्या चौकटीवरची पट्टी मात्र काढण्याची घाई करूं नये. या वयांत मूल वर्षाला सुमारें दोन ते तीन इंच वाढतें. यंदां ३८ च्या खालीं राहिलेलें डोकें पुढच्या वर्षीं त्या रेघेला लागेल, आणि त्या दिवशीं कोठेंही न जातां घरांत एक लहानसा उत्सव होईल.