हॉटेलात माणूस लावून देताना



मागल्या खेपेला तुमच्यातल्या एका बाईंनी आम्हांला विचारले, "दादा, तुम्ही नेमकं करताव काय?" प्रश्न खरा होता. आमचे काम नवे आहे. हॉटेले आणि लॉज यांना माणसे मिळवून द्यायची. आचारी, वेटर, खोल्या झाडणारे, भांडी घासणारे, गल्ल्यावर बसणारे. हे काम धरून आम्हांला वर्षही झालेले नाही.

त्याआधी आम्ही लातूरच्या बाजारात अडत्याकडे हिशेब लिहीत होतो. तिथे मूठभर तूर हातावर घेतली, की माल कळतो. आम्हांला वाटले, माणूसही असाच कळेल. नाही कळत, बरे का!

नांदेडात या कामाला तोटा नाही. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी इथेच देह ठेवला. तेव्हापासून हे शीख बांधवांचे मोठे तीर्थ. २००८ साली गुरुता गद्दीला तीनशे वर्षे झाली, तेव्हा तर देशोदेशीची माणसे लोटली होती. दसऱ्याला आणि होळीला गर्दी होतेच. यात्रेकरू आले की खोल्या लागतात, चहा लागतो, धुतलेल्या चादरी लागतात. आणि चादर काही आपोआप धुतली जात नाही.

एक गोष्ट सांगून ठेवतो. लंगरात सेवा असते, तिथे पगाराचे नाव नाही. लॉजवर नोकरी असते, तिथे पगार हवाच. एक लॉजवाला आम्हांला म्हणाला, "पोरांना सांगा, पहिला महिना सेवा समजा." आम्ही त्याला माणूस दिला नाही.

पण आम्ही फार शहाणे आहोत असे समजू नका. आमची चूक ऐका.

औसा तालुक्यातला एक गडी आमच्याकडे आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. घर पडले, त्याबरोबर शाळाही सुटली, ती सुटलीच. पुढे शेती पिकेना. आम्ही त्याला पुण्याच्या एका हॉटेलात भटारखान्यात लावून दिले. मालक फोनवर म्हणाला, महिना बारा हजार, जेवणखाण आणि राहणे आमच्याकडे. आम्ही मान डोलावली. कागद आला, गड्याने अंगठा केला, आम्ही तो पाकिटात घालून धाडून दिला.

महिन्याने गडी परत आला. हातात नऊ हजार. जेवणाचे आणि खोलीचे तीन हजार कापले होते. तो ओरडला नाही, भांडला नाही. कागदाची नक्कल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, मला वाचता येत नव्हतं. तुम्हाला तर येत होतं ना?"

कागदावर ते लिहिलेले होते. चांगले मराठीत होते. आम्ही वाचलेच नव्हते.

आम्ही पुण्याला गेलो. मालकाने अंगठ्यावर बोट ठेवले आणि हसला. शेवटी पंधराशे रुपये सुटले, बाकीचे गेले. परत येताना गाडीत झोप लागली नाही. आमचा पगार कोण देतो? हॉटेलवाले देतात. मग आम्ही माणूस कोणाचा? मालकाचा, की अंगठा करणाऱ्याचा? हा हिशेब अडत्याच्या वहीत कधी आला नव्हता. अजूनही तो पुरता सुटला आहे असे म्हणवत नाही.

आता मात्र आम्ही कागद मोठ्याने वाचून दाखवतो. पगार हातात किती? जेवण-राहणे फुकट, की कापून? काम किती तास, सुट्टी कोणत्या वारी? दुसरे असे की, आधारकार्ड किंवा शाळेचा दाखला अस्सल द्यायचा नाही, नक्कल द्यायची. अस्सल कागद मालकाच्या कपाटात गेला, की माणूसही त्या कपाटात गेला. यामुळे दोन हॉटेले आमच्याकडून तुटली. आमचे वरिष्ठ रागावले. रागावू देत.

आणि लहान पोर आम्ही लावत नाही. एक माउली बारा वर्षांचे पोर घेऊन आली होती. म्हणाली, "कपबशा धुईल, पोटाला तर मिळंल." चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ साली कायदा आणखी कडक झाला. हे आम्ही तिला सांगितले. पण कायद्याने तिची चूल पेटत नव्हती. मग तिलाच एका लॉजवर चादरी-उशांच्या कामाला लावले. पोर शाळेत गेले की नाही, ते पाहायला आम्ही दोनदा गेलो. गेले होते.

तो औशाचा गडी पुढे नांदेडला राहिला आणि रात्रीच्या वर्गाला बसू लागला. आज तो इथे, तुमच्यातच बसला आहे; नाव सांगत नाही. गेल्या महिन्यात त्याला स्टेशनजवळच्या एका लॉजवर काम मिळाले. कागद समोर आला तेव्हा आम्ही वाचायला हात पुढे केला. तो म्हणाला, "थांबा की." ओळीवर बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवीत त्याने वाचायला घेतले. पाव तास गेला. मालक घड्याळ पाहू लागला. 'वजावट' या शब्दापाशी गडी थांबला. त्यापुढची जागा कोरी होती.

"इथं किती?" त्याने विचारले.

मालकाने खिशातून पेन काढले आणि त्या जागी शून्य घातले. मग गड्याने सही केली.