कुत्रा कोणाचा, अब्रू कोणाची?



पाळीव कुत्र्याच्या मालकीचा तंटा वरकरणी क्षुल्लक भासतो. परंतु २०२३ साली दिल्लीत एका रॉटवायलर कुत्र्याच्या ताब्यावरून निर्माण झालेला वाद पोलिसांपर्यंत गेला, देशभरच्या वृत्तपत्रांत गाजला आणि त्याच पक्षांमधील अब्रुनुकसानीचा दावा उच्च न्यायालयात दाखल झाला.

पाळीव जनावर ही कायद्याच्या दृष्टीने जंगम मालमत्ता होय. ती दुसऱ्याच्या ताब्यातून अप्रामाणिक हेतूने नेली तरच चोरी घडते. आपलाच हक्क आहे, अशा प्रामाणिक समजुतीने कुत्रा नेणारा मनुष्य चोर ठरत नाही; तो दिवाणी वादातील एक पक्षकार असतो. म्हणूनच ‘अमक्याने कुत्रा चोरला’ असा मथळा छापणारे वृत्तपत्र, न्यायालयाने जो निर्णय द्यावयाचा तोच आधी देऊन मोकळे होते.

भारतीय दंड संहितेतील कलमे ४९९ व ५०० यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. या अपराधास दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, द्रव्यदंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. फौजदारी तरतुदीची वैधता सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली. दिवाणी नुकसानभरपाईचा दावा मात्र प्रसिद्धीपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.

तथापि कायदा वृत्तपत्रांचे तोंड बंद करीत नाही. न्यायालयीन कामकाजाचा बव्हंशी खरा वृत्तांत देणे हा अपराध नव्हे. लोकहितार्थ प्रसिद्ध केलेल्या सत्यासही संरक्षण आहे. खटल्यापूर्वीच प्रसिद्धीस मनाई करणारे आदेश सरसकट देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये बजावले.

मग वार्ताहराने काय करावे? ‘चोरी’ऐवजी ‘चोरीची तक्रार’ लिहावे, दुसऱ्या पक्षाचे म्हणणे छापावे आणि ऐकीव मजकुरास पुराव्याचे मोल देऊ नये. एवढ्यानेच जबाबदारी टळते असे नव्हे. आरोपाची पुनरुक्तीही अब्रूस बाधक ठरू शकते. गावच्या मोबाईल गटावर मजकूर पुढे पाठविणाऱ्या सदस्यासही हाच नियम लागू आहे.

कुत्रा न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकतो. गावात एकदा ‘चोर’ म्हणून झालेले नाव मात्र कोणत्याही हुकूमनाम्याने पूर्ववत होत नाही.