जुन्या फियाटमधला गोंगाट



कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या सगळ्यांची ‘फियाट’, २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून कायमची गेली. हौसेनं जपलेल्या पद्मिनी मात्र अजून धावतात. त्यांच्या मालकांची एक तक्रार हमखास असते: गाडीत बोललेलं ऐकू येत नाही आणि पाय भाजतात.

साहजिक आहे. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. प्रोपेलर शाफ्ट फिरतो तो फ्लोअरच्या मधोमध, सायलेन्सरचा पाइपही खालूनच जातो. मध्ये आड काय, तर एक पत्रा!

यावर स्पंज कोंबणं हा उपाय मला अजिबात मान्य नाही. स्पंज पाणी पितो. जुनं काचेचं रबर पावसाळ्यात गळतं, पाणी मॅटखाली मुरतं आणि फ्लोअर आतून कुजत जातो. म्हणून आधी मॅट काढा, गंज खरवडा, प्रायमर मारा, काचेची आणि दरवाजांची रबरं बदला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी, केबल जातात. ती भोकं ग्रोमेट लावून बुजवा. एवढ्यानंसुद्धा आवाज बराच उतरतो, कारण हवा जिथून शिरते तिथूनच आवाजही शिरतो.

पुढचं काम पत्र्याचं. ताटाला टिचकी मारली की ते घणघणतं, बोट टेकवलं की गप्प होतं. ब्युटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली शीट हेच करते. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. सपाट भागाच्या मध्यावर, साधारण चौथा हिस्सा झाकला तरी थरथर मोडते. रोलर मात्र दाबून फिरवा, खाली हवा राहिली तर शीट सुटते. तिच्यावर पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम अंथरा. उष्णता खरी अडते ती त्यानं. छताचं काम अस्तर बदलायला काढाल तेव्हाच उरका.

दरवाजांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात. ती कृपा करून बुजवू नका.

आणि इंजिनचा आवाज थोडा आत येऊ द्या. टॅपेटची टिकटिक वाढली, तर ती चालवणाऱ्याला वेळेवर ऐकू यायला हवी.