खरा श्रीमंत कोण?

(विहाराच्या वर्धापन दिनी भोकर येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज बोलण्यासाठी आम्ही एक साधा प्रश्न घेतला आहे. श्रीमंत कोणाला म्हणायचं आणि गरीब कोणाला? आपल्या वस्तीत याचं उत्तर झटकन मिळतं. ज्याच्या घरावर स्लॅब, दारात मोटारसायकल, पोराला नोकरी, तो श्रीमंत. ज्याच्या घरावर पत्रे आणि घरची बाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाते, तो गरीब. हिशोब सोपा आहे, पण पुरा नाही.

सुरुवातीलाच एक सांगतो, म्हणजे गैरसमज नको. गरिबी चांगली असते, अशी गोडगोड भाषा आम्हाला करायची नाही. ज्याच्या डब्यात उद्याचं पीठ नाही, त्याला ती चेष्टाच वाटेल. तथागतांनीही गृहस्थाला गरिबीचं कौतुक सांगितलं नाही. अंगुत्तर निकायात इण सुत्त आहे. इण म्हणजे ऋण, कर्ज. संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःखच आहे, असं भगवंत तिथे सांगतात. दरिद्री माणूस कर्ज काढतो, व्याज कबूल करतो, व्याज थकलं की तगादा लागतो, मग सावकार पाठीस लागतो आणि शेवटी बंधन येतं. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही साखळी आजही तुटलेली नाही. हप्तेवाला दारात आला की घरातली माय मागच्या दाराने शेजारी जाऊन बसते. हे बंधनच नाही का?

पण सगळं कर्ज सारखं नसतं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी मुंबईत पेन्शनवर घर चालवत. लहान भीमरावाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसा नसला की ते लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात. मुलीजवळ रोकड नसली तर तिचा दागिना घेऊन गहाण ठेवत, पुस्तक आणत आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून तिला परत करत. दागिना आम्हीही गहाण ठेवतो. पण कशासाठी? लग्नातल्या डीजेसाठी, मंडपासाठी, चार माणसांनी "काय लग्न केलं!" म्हणावं म्हणून. रामजींच्या घरी कर्ज आलं आणि गेलं, मागे पुस्तक राहिलं. आमच्या घरी वरात येते आणि जाते, मागे कर्ज राहतं. श्रीमंत दिसण्यासाठी जो कर्ज काढतो, तो त्याच दिवशी गरीब होतो.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी कमाईचे चार वाटे सांगितले. एक वाटा घरखर्चाला, दोन वाटे धंदा वाढवायला आणि एक वाटा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. मजुरीत चार वाटे कुठून करायचे, असं कोणी म्हणेल आणि ते खरंही आहे. पण राखून ठेवण्याची सवय दहा रुपयांतही लागते. आपल्या बचत गटातल्या बायांनी ते करून दाखवलं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कर्ज वाईट का? नुसतं व्याज जातं म्हणून नाही. देणेकरी माणसाचा आवाज खाली जातो. त्याने मत कोणाला द्यायचं, कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं, हे दुसरा ठरवू लागतो. माणूस विकला जातो तो असा हळूहळू.

धम्मपदाच्या अट्ठकथेत सुप्पबुद्धाची गोष्ट आहे. सुप्पबुद्ध कुष्ठरोगी होता, अगदी कंगाल. गर्दीच्या कडेला बसून त्याने धम्म ऐकला आणि तो त्याच्या मनात उतरला. त्याची परीक्षा घेण्यासाठी शक्राने त्याला म्हटले, "तू दरिद्री आहेस. बुद्ध, धम्म आणि संघ खरे नाहीत एवढं म्हण, मी तुला अमाप धन देतो." सुप्पबुद्धाने उलट त्यालाच खडसावले. मला दरिद्री म्हणणारा तू कोण? माझ्याजवळ सात धनं आहेत. ती सात म्हणजे श्रद्धा, शील, वाईट करायची लाज, वाईटाची भीती, ज्ञान, त्याग आणि प्रज्ञा. ही धनं आग जाळत नाही, पाणी वाहून नेत नाही, राजा किंवा चोर हिरावत नाही, असं तथागतांनी दुसऱ्या एका सुत्तात सांगितलं आहे.

15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हेच आपल्या भाषेत सांगितलं. मेलेली ढोरं ओढणं सोडलं तर कातडं, शिंगं, हाडं यांचं उत्पन्न बुडेल, असा हिशोब विरोधक मांडत होते. बाबासाहेबांचं उत्तर होतं की माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते. ज्यांनी ते काम सोडलं, त्यांचं उत्पन्न बुडालं, हे खरं. पण त्या दिवसापासून ते गरीब झाले की श्रीमंत? याचं उत्तर इथे बसलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

1978 च्या जुलैमध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटवली गेली. आपला नांदेड जिल्हाही त्यातून सुटला नाही. धान्य जळालं, भांडीकुंडी गेली. पण बाबासाहेबांचं नाव सोडा म्हटल्यावर समाजाने ते सोडलं नाही. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, तोवर सोळा वर्षं हा समाज उभा राहिला. आगीने जळालं नाही ते धन कोणतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेवटी आमचीच एक चूक कबूल करतो. विहाराच्या बांधकामाची वर्गणी गोळा झाली तेव्हा मोठ्या रकमांची नावं आम्ही संगमरवरी पाटीवर कोरली. रोजंदारीतून दहा-वीस रुपये देणाऱ्या मायबहिणींची नावं वहीतच राहिली. पाटीवर त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिले, "इतर दाते". अनाथपिंडिकाने जेतवनाची जमीन सोन्याच्या नाण्यांनी झाकली. दिवस फिरले तेव्हा तोच कण्या आणि आंबट पेज वाढत होता. तरी भगवंतांनी त्याचं दान लहान म्हटलं नाही, कारण ते देणारं मन मोठं होतं. आणि आम्ही मात्र रुपये मोजत बसलो! समितीला आमची विनंती आहे की या वर्षी सगळी नावं एकाच पाटीवर, रकमेशिवाय लिहावीत.

उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या, असं बाबासाहेबांनी नागपूरला सांगितलं होतं. विसावा हिस्सा लखपतीचा असो की मजुराचा, हिस्सा तोच.

म्हणून बंधू-भगिनींनो, ज्याला कोणी विकत घेऊ शकत नाही आणि ज्याचा हात देण्यासाठी उघडतो, तो श्रीमंत. पैसा जरूर कमवा, लेकरांना शिकवा, पत्र्याच्या जागी स्लॅब टाका. पण त्या स्लॅबखाली राहणारा माणूस गहाण पडू देऊ नका.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय, जयभीम!