मुक्तिनाथची वाट आणि विमानाची निवड



सुगी आटोपली, की आपल्याकडे यात्रेची बोलणी सुरू होतात. पूर्वी काशी-रामेश्वर झाले, म्हणजे जन्माचे सार्थक झाले असे म्हणत. आता गावोगावची माणसे नेपाळात पशुपतिनाथाला जातात, आणि तिथून पुढे मुक्तिनाथाला. या पुढच्या टप्प्यावर एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुधा गावातल्या गुरुजींच्या गळ्यात पडतो. कारण अर्ज भरणे, तिकिटे काढणे ही कामे त्यांच्याकडेच असतात. प्रश्न असा, की नेपाळातल्या नेपाळात विमानाने जायचे, तर कोणत्या कंपनीच्या विमानाने जावे?

आधी वाट समजून घेऊ. काठमांडूहून पोखरा रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर. घाटाचा रस्ता, मोटारीला जवळजवळ सबंध दिवस लागतो. विमान अर्ध्या तासात नेते. पोखऱ्याहून जोमसोम विमानाने वीस मिनिटे, आणि तिथून मुक्तिनाथ जीपने. हे देवस्थान ३,७०० मीटरांहून उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे त्याच्या दुपटीहूनही जास्त!

नेपाळची सरकारी विमान कंपनी १९५८ साली निघाली. १९९२ पासून खासगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. काठमांडू-पोखरा मार्गावर बुद्ध एअर, यती एअरलाइन्स, श्री एअरलाइन्स यांची सत्तर-एक उतारूंची विमाने जातात. जोमसोमची धावपट्टी लहान, म्हणून तिथे तारा एअर, समिट एअर अशा कंपन्यांची वीसाच्या आतबाहेर माणसे घेणारी छोटी विमाने.

आता आपण पहिली गोष्ट विचारतो ती भाड्याची. नेपाळात नेपाळी माणसाला एक दर, भारतीयाला दुसरा आणि इतर परदेशी माणसाला तिसरा, अशी पद्धत आहे. शिवाय आपल्या एका रुपयाचे तिथे एक रुपया साठ पैसे होतात. म्हणून दर ऐकला, की लगेच विचारा : "हा भारतीयांचा दर का? आणि रुपये कुठले, तुमचे की आमचे?" एवढ्या दोन प्रश्नांनी पुष्कळ घोटाळा वाचतो.

पण भाडे ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट जिवाची.

युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सगळ्याच विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी केली, आणि दशक उलटले तरी ती उठली नाही. एकट्यादुकट्या कंपनीवर ठपका ठेवलेला नाही. देखरेखीच्या व्यवस्थेवरच बोट ठेवले आहे. तिथे विमानतळ चालवणारी आणि विमानांवर नजर ठेवणारी संस्था एकच. ज्याची गिरणी, तोच वजनमापाचा तपासनीस, असे झाल्यावर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा "अमकी कंपनी अगदी निर्धास्त" असे कुणी छातीठोक सांगू लागला, तर मान डोलावू नका.

२९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले छोटे विमान ढगांत शिरले आणि डोंगरावर आदळले. बावीसही माणसे गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले चौघे होते. पुढे १५ जानेवारी २०२३ रोजी पोखऱ्यालाच उतरता उतरता मोठे विमान कोसळले आणि ७२ जण दगावले. त्या दिवशी आकाश निरभ्र होते. चौकशीत निघाले, की एका दांड्याऐवजी दुसरेच दांडे ओढले गेले आणि विमानाच्या पंख्यांचा जोर गेला. पहिल्या अपघातात हवा आडवी आली, दुसऱ्यात हाताची चूक झाली. म्हणजे मोठे विमान घेतले, उघडीप पाहून निघालो, की काम झाले, असेही नाही.

मी तुम्हाला भीती घालीत नाही. हजारो माणसे जाऊन सुखरूप परत येतात. पण निवड करायची, तर ती कशी?

पहिले, विमान सकाळचे घ्या. जोमसोम हे काली गंडकीच्या खोऱ्यात, धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधल्या खिंडारात आहे. ऊन चढले, की त्या खोऱ्यातून सोसाट्याचा वारा सुटतो. म्हणून तिथली विमाने सकाळीच उडतात. पावसाळ्यात तर ढगांचा भरवसाच नाही.

दुसरे, एकाच मार्गावर दोन कंपन्या असल्या, तर दहा-पाच वर्षांत कुणाचे किती अपघात झाले ते पाहा. अपघातांचे चौकशी अहवाल प्रसिद्ध होतात. गुरुजींनी हे काम जरूर करावे; इंटरनेटवर तासाभरात होते.

तिसरे, विमान रद्द झाले तर पैसे कसे आणि किती दिवसांत परत मिळतील, हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी घ्या. यात्रा कंपनीमार्फत जात असाल, तर त्यांच्याकडूनही लेखी घ्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

चौथे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे : हाताशी दोन दिवस मोकळे ठेवा. परतीची गाडी उद्याची, आणि आज जोमसोमला अडकलो, असे झाले की माणूस उतावीळ होतो. कचेरीच्या खिडकीशी गर्दी होते. "एवढ्या लांबून आलो, देवाच्या दारातून परत जायचे का?" असा आरडाओरडा होतो. मंडळी, वैमानिकही माणूसच. त्याच्यावर असा दाब आणू नका. हवा बरी नाही म्हणून जी कंपनी विमान थांबवते, ती तुमची वैरीण नव्हे. उलट तीच निवडण्यासारखी.

आणि विमान नाहीच निघाले, तर रस्ता आहे. पोखऱ्याहून जोमसोमला जीप आणि मोटारी जातात. हाडे खिळखिळी होतात, दरडींची धास्ती असते. म्हणून रस्ताही दिवसाउजेडी आणि पावसाळा टाळूनच धरावा. पण हळूहळू चढल्यामुळे विरळ हवेची सवय होते, आणि म्हाताऱ्या माणसांना ते मानवते.

जाताना पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे छायाचित्राचे ओळखपत्र जवळ असू द्या. काठमांडूहून पोखऱ्याला जाताना उजव्या हाताची खिडकी मागा. हिमालय त्या बाजूला दिसतो.

आपल्या घाटांत पाटी असते : अति घाई, संकटात नेई. ती पाटी आभाळात कुणी लावीत नाही. ती आपणच मनात लावून निघायची. मुक्तिनाथ कुठे जात नाही. आज नाही, तर उद्या दर्शन होईल.