बार्शी लाइटचा मालडबा



मी बार्शी लाइट रेल्वेचे छोटे मालडबे बनवतो. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी 1897 साली सुरू झाली. कापूस वाहिला, पंढरपूरला वारकरी नेले. आता तिथे ब्रॉडगेज आहे. म्हणून निदान मॉडेल तरी खरं दिसावं, हा माझा हट्ट.

1:87 प्रमाणात अडीच फुटांचे जेमतेम 9 मिलिमीटर होतात, त्यामुळे एन गेजचे तयार रूळ चालतात. मूळ डबा मात्र 7 फूट रुंद, रुळांच्या जवळजवळ तिप्पट! हे ऐसपैस अंग जपलं नाही, तर डबा ब्रॉडगेजचं पिल्लू दिसतो.

रंगाचं जरा सविस्तर सांगतो. डबीतला काळा रंग जसाच्या तसा देऊ नका. मॉडेल आपण दुरून पाहिल्यासारखं पाहतो, म्हणून त्यात थोडा करडा मिसळायचा. वर मॅट वार्निश. मग खडूची पूड कोरड्या ब्रशने, खाली जास्त, वर कमी. कारण धूळ चाकांपासून उडते. गंज फक्त साखळी घासते तिथे, पाय पडतो तिथे. सगळीकडे फासला की डबा भंगारातला वाटतो. चालती गाडी अशी नसते हो.

तळाशी दोन लोखंडी वॉशर चिकटवा, हलका डबा रुळावरून उतरतो.

एक विनंती. आपल्यापैकी कुणी कुर्डुवाडी-बार्शी प्रवास केला असेल, घरी जुने फोटो असतील, तर मला दाखवा. दाराची कडी नेमकी कशी होती, ते माझं अजून अडलंय.