दिव्यापलीकडचे माशेलकर



मराठीच्या अध्यापकाने रसायन अभियांत्रिकीवर बोलावे, हे थोडे धाडसाचेच. परंतु माझी तक्रार रसायनाबद्दल नसून आपल्या वाचनाबद्दल आहे, आणि त्या दोषात मीही भागीदार आहे.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे नाव निघताच आपल्याला रस्त्यावरचा दिवा आठवतो. १९४३ साली गोव्यातील माशेल येथे जन्म, बालपणीच पितृवियोग, मुंबईत मातोश्री अंजनीताईंचे कष्ट आणि १९६० च्या शालान्त परीक्षेत गुणवत्ता यादीत अकरावा क्रमांक. ही कथा आपण मुलांना सद्गदित होऊन सांगतो. पण त्या दिव्याखाली बसलेल्या मुलाने पुढे नेमके काय केले, असे एखाद्याने विचारले की आपण निरुत्तर होतो. निदान मी तरी झालो आहे.

वास्तविक उत्तर अगदीच दुर्बोध नाही. असंख्य लहान रेणू साखळीसारखे जोडले गेले की बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, तयार होते. कापसातील सेल्युलोज निसर्गाने घडविलेले, पॉलिथिन माणसाने. रमझानच्या दिवसांत आपल्या या शहरात फालुद्यात पडणारा सब्जाच पाहा ना! बी भिजताच तिच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण फुगते, तेही बहुवारिकांचेच. पाणी धरून फुगणारी अशी जेल कशी वागतात, आणि पाण्याप्रमाणे सरळ न वाहणारे बहुवारिकांचे द्राव कोणत्या नियमाने वाहतात, हे माशेलकरांच्या अभ्यासाचे विषय. मुंबईच्या यूडीसीटीत डॉ. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली १९६९ साली पीएच.डी., नंतर इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठात अध्यापन, आणि १९७६ साली स्वदेशी परतून पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. १९८९ मध्ये तिचे संचालकपद, १९९५ मध्ये सीएसआयआरचे महासंचालकपद. १९९८ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. पदे आपल्याला पाठ असतात. ती ज्या कामावर उभी राहिली, ते नसते.

हे विषय मराठीत यायचे नाहीत, असे कोणी म्हणेल. हैदराबादकराने तरी असे म्हणू नये. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात १९४८ पर्यंत रसायनशास्त्रही उर्दूतून शिकविले जात होते. त्यासाठी १९१७ पासूनच स्वतंत्र भाषांतर विभाग पुस्तके आणि परिभाषा घडवीत होता. मराठवाड्यातून आलेल्या मराठी मुलांनी येथे विज्ञान घोकले, ते परक्या भाषेत खरे, पण देशी भाषेत. मग मराठीलाच संकोच का?

‘बहुवारिक’ हा शब्द मराठी विश्वकोशाने केव्हाच वापरला आहे. परवा तो पाहण्यासाठी मी आपल्याच कपाटातून विश्वकोशाचा खंड काढला. चरित्रांच्या कपाटातील पुस्तकांची पाने हाताळून मऊ झालेली आहेत. या खंडाची काही पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. ती मी जपून सोडवली.